ऑगस्टचा पेला

१

दामारिस ओकाम्पोस सापडली ती शाळेच्या आवारातल्या तिम्बो तळ्याच्या काठाला, गुडघाभर पाण्यात, पालथी. बूट पायात, गणवेश अंगात आणि काठावरच्या गवतात कार्रुलिमची अर्धी बाटली. ऑगस्टची पहिली तारीख होती. दुपारची झोप नुकतीच आटोपली होती. संध्याकाळ व्हायच्या आत सैनिकी शाळेने निकालही लावून टाकला: पोरगी दारू चोरून प्यायली, झिंगली, पाण्यात पडली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजधानीतून लष्करी न्यायखात्याची कॅप्टन सेल्सा ओवेलार आली, तेव्हा तो निकाल तिच्यापुढे वाढलेल्या ताटासारखा तयार होता. फक्त सही करायची बाकी होती. सेल्साला दुसऱ्याने वाढलेलं ताट मुळातच आवडत नसे. त्यात ही शाळा तिची स्वतःची. इथे बायकांची पहिली तुकडी घेतली तेव्हा त्यात ती होती, आणि या फाटकातून आत शिरताना आजही तिची पाठ आपोआप ताठ व्हायची.

फाटकाबाहेर एक बाई दगडावर बसली होती. डोक्यावरून काळी शाल घेतलेली, मांडीवर कापडात बांधलेलं गाठोडं. दक्षिणेचा गार वारा सुटला होता, तांबडी धूळ उडत होती, पण बाई जागची हलत नव्हती. ही दामारिसची आई. कागुआसूच्या एका खेड्यातून रात्रभर बसने आली होती. सगळे तिला न्या एलिहिया म्हणत. वडीलधाऱ्या बाईला तिकडे 'न्या' लावल्याशिवाय हाक मारत नाहीत.

"आत का नाही बसलात?" सेल्साने विचारलं.

"आत नको. ते म्हणतात, दारू पिऊन मेली, म्हणून पेटीवर झेंडा टाकता येत नाही." बाईने गाठोड्याची गाठ चाचपली. "झेंड्याचं मला काय करायचंय, कॅप्टन? पण ती कशी गेली ते खरं सांगा. विचारलं तर गावाला मला सांगावं लागेल. खोटं असेल तर ते मी कसं सांगू?"

"तिच्याशी शेवटचं कधी बोललात?"

"रविवारी, फोनवर. खुशीत होती. कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, आई, ऑगस्ट सरू दे, मग सगळं ठीक होईल."

सेल्साने मान डोलावली. 'ऑगस्ट सरू दे' हे तिकडे कुणीही म्हणतं. ऑगस्ट म्हणजे घातकी महिना, रोड गुरं आणि थकली माणसं घेऊन जाणारा. म्हणून तर पहिल्या तारखेला पहाटे, उपाशीपोटी, उसाची दारू, सताप आणि लिंबू यांचा कार्रुलिम घेतात. तीन घोट घेतले की वर्षाची इडापिडा टळली. सेल्साने ते वाक्य ऐकलं आणि तिथेच सोडून दिलं. नंतर तिला त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

दवाखान्यात प्रेत पांढऱ्या चादरीखाली होतं. शाळेची परिचारिका पेर्ला मारेको दाराला टेकून उभी होती, जागरणाने डोळे सुजलेली.

"कपड्यांना दारूचा वास आहे," पेर्ला म्हणाली.

"कपड्यांना आहे. तोंडाला?"

पेर्लाने नकारार्थी मान हलवली. सेल्साने चादर खांद्यापर्यंत खाली केली. वीस वर्षांची पोर. दोन्ही खांद्यांवर रुंद, लालसर निळे पट्टे उमटले होते. सेल्साने ते लगेच ओळखले. तिच्या स्वतःच्या खांद्यांवरून ते निघायला त्या काळी आठवडा लागायचा. वाळूने भरलेली पाठपिशवी घेऊन पळवलं की असे वळ येतात. पण तळ्याकाठी पाठपिशवी सापडली नव्हती. दारू प्यायला जाताना पाठीवर वाळू कोण घेतं?

मग तिने बाटली उजेडात धरली. आत सतापीची एक काडी तरंगत होती. सेल्सा तिच्याकडे इतका वेळ बघत राहिली की पेर्लाने शेवटी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," सेल्सा म्हणाली. "फार हिरवी आहे."

२

कर्नल पोर्फिरिओ इन्स्फ्रान याला शाळेत कुणी कर्नल म्हणत नसे. सगळे त्याला पापा म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यालाही ते आवडे. सेल्सा शिकत होती तेव्हा तो साधा लेफ्टनंट होता. बायकांच्या तुकडीवर जेवणाच्या खोलीत भाकरीचे तुकडे फेकले जायचे, तेव्हा हा एकटा माणूस उठून त्यांच्या बाकावर येऊन बसायचा. कुणाला रागवायचा नाही, नुसता बसून जेवायचा. त्याच्या हातून सेल्साने या शाळेतला पहिला कार्रुलिम घेतला होता. "पोरी, या फाटकातून तू कॅप्टन होऊन परत येशील," असं तो तेव्हा म्हणाला होता. ती आली होती, पण अशा कामाला येईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

"ये, बस. वाळलीस गं," तो म्हणाला. टेबलावर तेरेरेचं, म्हणजे पाल्यावर गार पाणी ओतून नळीने ओढायच्या पेयाचं, शिंग आणि थंड पाण्याचा थर्मास होता. जो वयाने लहान त्याने ओतायचं हा रिवाज, म्हणून सेल्साने पाणी ओतलं आणि शिंग त्याच्या हाती दिलं.

"काल पहाटेचा पेला कुणी वाटला?"

"मीच. दरवर्षी मीच वाटतो. एक पेला, तो माझ्या हातून प्रत्येकाच्या हाती. बापाच्या हातचा असला तरच त्याचा उपयोग."

"सगळ्यांनी घेतला?"

"एकूण एक."

"दामारिसनेसुद्धा?"

तो नळीतून पाणी ओढत होता. थोडं जास्तच वेळ ओढत राहिला, शिंगातून कोरडा गुळगुळ आवाज येईपर्यंत. "सगळ्यांनी म्हटलं ना."

"तिची काही तक्रार होती? कुणाविरुद्ध?"

"माझ्याकडे कुणी आलं नाही." त्याने शिंग परत केलं. "तिची तुकडी सार्जंट दुआर्तेची. शाळेतली पहिली तुकडी. निशाण दरवर्षी त्याच्याच दाराशी लागतं. पुढच्या महिन्यात राजधानीत संचलन आहे, तिथे त्याच्या पोरी पुढे चालणार. बायका सैन्यात नकोत म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील. हे तुला मी सांगायला हवं का?"

सांगायला नकोच होतं. त्याच्याच बळावर ती आज कॅप्टन होती.

"तुमचा कार्रुलिम बघू?"

कोपऱ्यात वेताने विणलेला काचेचा मोठा बुधला होता. जुलैच्या मध्यापासून मुरत ठेवलेला, असं कर्नल कौतुकाने म्हणाला. सेल्साने आत डोकावलं. तळाशी सतापीची पानं होती, उकळलेल्या चहाच्या चोथ्यासारखी, पिवळट तपकिरी. दारूत पंधरवडा पडलेलं पान दुसरं कसं असणार?

तिने पुढे काही विचारलं नाही. तळ्याकाठची बाटली या बुधल्यातून भरलेली नव्हती. ती आदल्या दिवशीच, घाईघाईने, ताजी काडी खोचून तयार केलेली होती. दामारिस दुपारपर्यंत तुकडीबरोबर कवायतीत होती. मग ती बाटली तयार केली कुणी?

३

सताप तिकडे बहुतेक घरांच्या दाराशी असते. दृष्ट लागू नये म्हणून. शाळेतही होती. स्वयंपाकघराच्या दाराशी, दवाखान्याच्या खिडकीत, प्रशिक्षकांच्या खोल्यांपुढे, तेलाच्या जुन्या डब्यांतून लावलेली. सेल्सा सगळ्या डब्यांवरून हात फिरवत चालली. सगळी रोपं डवरलेली होती. एकाच रोपाचा शेंडा छाटलेला, तिरपा, चाकूने, आणि कापलेल्या जागी अजून ओल होती. तो डबा सार्जंट आरिएल दुआर्तेच्या दाराशी होता.

सार्जंट दाढी करून, बूट चकचकीत करून वाटच बघत होता. देखणा होता. बोलायला गोड होता. हे दोन्ही त्याला माहीत होतं.

"या, कॅप्टन. आमच्या शाळेची लेक आलीय म्हणे. तुमच्या तुकडीचा फोटो अजून भोजनगृहात आहे. तुम्हीच डाव्या टोकाला ना? तेव्हाच्या पोरी वेगळ्या होत्या. आताच्या जरा हात लावला की कोमेजतात."

"हात लावला की?"

"म्हणजे, जरा पळवलं की." तो हसला. "शब्द धरू नका हो."

"दामारिस कशी होती?"

"चलाख. पण हावरट. काल ओळीत पेला घेतला, तेवढ्यावर भागलं नाही. कुठूनतरी बाटली उचलली. सगळ्यांनी एकेक घेतला, हिला जास्तीचा हवा."

"ओळीत तिने पेला घेतलेला तुम्ही पाहिलात?"

"पापा म्हणतात ना, सगळ्यांनी घेतला? मग घेतला."

"मी तुम्ही काय पाहिलं ते विचारलं."

"पापांनी पाहिलं ते आम्ही पाहिलं, कॅप्टन. इथे तसंच असतं. तुम्ही विसरलात काय?"

सेल्सा विसरली नव्हती. या शाळेत डोळे एकालाच होते. बाकीच्यांनी त्याच्या डोळ्यांनी बघायचं.

"तुमच्या पोरीला दवाखान्यात जायचं असेल तर परवानगी कोण देतं?"

"मीच. नाहीतर अर्धी तुकडी पोट धरून तिथेच पडेल."

"आणि तक्रार करायची असेल तर?"

"तीही आधी माझ्याकडे. मग वर. पापांचा नियम आहे: घरातली भांडणं घरात." त्याने हात पसरले. "आपलेच दात, आपलेच ओठ. हो की नाही?"

दाराबाहेर पडताना सेल्सा थांबली. "रोपाला कीड लागली होती काय? शेंडा कापलाय म्हणून विचारलं."

"तेरेरेत टाकायला घेतला," सार्जंट म्हणाला. मघाचं हसू तोंडावर तसंच होतं, पण आता ते चिकटवल्यासारखं दिसत होतं.

तेरेरेत शंभर पाले टाकतात. पण त्याच्या टेबलावरच्या कुटायच्या लाकडी खलात पुदिना तेवढा होता. सेल्साने तो आत शिरतानाच पाहिला होता.

ती सरळ पोरींच्या बराकीत गेली. भिंतीवर खुंट्या, खुंट्यांवर पाठपिशव्या, सगळ्या धुळीने कोरड्या. दामारिसच्या खुंटीवरची पिशवीही नीट टांगलेली होती, रिकामी. सेल्साने पट्टे मुठीत धरले. ते ओले होते, आणि त्यांना तळ्यातल्या चिखलाचा वास येत होता.

४

पोरी बोलेनात. एकेकीला बोलावलं, एकेक जण ताठ उभी राहिली, भिंतीकडे बघत एकच उत्तर देऊन गेली. मला माहीत नाही, कॅप्टन. जी बोलते तिला या बराकींत 'बेडूक' म्हणतात आणि तिच्या अंथरुणात खरोखरचे बेडूक सापडतात. सेल्साच्या वेळी सापडायचे, आताही सापडत असणार.

शेवटी सुनिल्दा आली. ओळीत दामारिसच्या मागे उभी राहणारी. तिने सुरुवात तशीच केली, मला माहीत नाही, कॅप्टन. पण बाकीच्यांसारखी वळून गेली नाही.

"बस," सेल्सा म्हणाली. "मी काही लिहीत नाहीये. तिचा पेला किती भरला होता, एवढंच सांग."

सुनिल्दाने वर बघितलं. "तिला मिळालाच नाही."

"काय?"

"पापा आले. मला वाटलं तिला देतायत. त्यांनी पेल्यावर तळवा ठेवला. असा, झाकल्यासारखा. दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला नि म्हणाले, तू जा. मग मला दिला." तिने दाराकडे पाहिलं. मग घाईघाईने म्हणाली, "आम्हाला वाटलं, टाकलं तिला. बापाने पेला नाकारला म्हणजे ऑगस्ट तिला नेणार. सगळ्यांनी बघितलं ते. न्याहारीला तिच्या बाकावर कुणी बसलं नाही. मी..."

"बोल."

"माझं ताट तिच्या शेजारी होतं. मी उचललं नि पलीकडे गेले. ती माझ्याकडे बघून हसली, म्हणजे, तुला वाटतं तसं काही नाही गं, असं सांगायचं असल्यासारखी. मी तोंड फिरवलं."

सेल्साने तिला रडू दिलं. स्वतःच्या डोळ्यांना रुमाल लावायचा मोह तिने आवरला.

"आणि दुपारी?"

"सार्जंट आले. म्हणाले, जिला पापांनी टाकलं तिला मी कशाला सांभाळू? आता बघू कुणाकडे जाते. पाठपिशवीत वाळू भरायला लावली नि तळ्यावर नेली." तिने नाक पुसलं. "ते नेहमी नेतात. कुणाकुणाला. झोपेच्या वेळी. कधी कवायतीला नेतात. कधी कवायतीला नेत नाहीत."

"दामारिसला?"

"तिला जास्त वेळा कवायतीशिवाय."

"आणि तुम्ही?"

"दुपारी खिडक्यांची दारं लावून घ्यायची असा हुकूम आहे ना. पापांचा. तळ्याकडे बघायचं नाही, शिक्षा होत असली तर पोरीची लाज जाते म्हणून." सुनिल्दा उठली, पुन्हा ताठ झाली. "आम्ही दारं लावून घेतली होती, कॅप्टन."

ती गेली. सेल्सा रिकाम्या बराकीत बसून राहिली. एखाद्याला पेला नाकारायला राग हे एक कारण झालं. पण रागावलेला माणूस डोक्यावर हात ठेवत नाही. मग दुसरं कारण काय?

मग ते तिच्या लक्षात आलं. सतापीचा पेला कुणाला देत नाहीत हे त्या देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हाताऱ्याला देतात, तापकऱ्याला देतात, पोराच्याही जिभेला बोट लावतात. फक्त पोटुशीच्या ओठाला लावत नाहीत. सतापीने पोट पडतं.

५

पेर्लाने तपासणी करून दार उघडलं तेव्हा तिला बोलावंच लागलं नाही. तिने नुसती मान डोलावली. तिसरा महिना होता.

"माझ्याकडे आली होती ती," पेर्ला म्हणाली. "जूनमध्ये. म्हणाली, परवानगी नाही, पण मला बोलायचंय. मी म्हटलं, आधी सार्जंटची परवानगी आण. नियम आहे." ती खाली बसली. "तिचा चेहरा बघूनही मी तेच म्हटलं. मला पोरं आहेत, कॅप्टन. नोकरी आहे. पण चेहरा मी बघितला होता."

"मग ती परत आली?"

"नाही. त्याच्याकडे कसली परवानगी मागणार ती?"

सेल्साने दुआर्तेला तिथेच, दवाखान्यात बोलावलं. चादरीखालच्या पोरीच्या समोर उभं केलं आणि आवाज न चढवता बोलली.

"ही बाटली शाळेच्या बुधल्यातली नाही. काडी ताजी आहे आणि ती तुमच्या दारातल्या रोपाची आहे. कापलेली टोकं जुळवून पाहिली मी. हिच्या कपड्यांवर दारू आहे, तोंडात नाही. हिच्या खांद्यांवर पट्ट्यांचे वळ आहेत आणि पिशवी मात्र बराकीत, रिकामी, ओली. तिला गार पाण्यात उभं केलंत, पाठीवर वाळू. ती चक्कर येऊन पडली. तुम्ही आधी पिशवी सोडवलीत, मग बाटली आणायला गेलात. तिला पाण्याबाहेर काढायचं तेवढं राहिलं."

"गोष्ट छान आहे," सार्जंट म्हणाला. "पण पोरी दारू पितात, कॅप्टन. कुणीही विश्वास ठेवील."

"दुसऱ्या कुठल्याही दारूवर ठेवला असता. तुम्ही सताप घातलीत. ही पोर सतापीच्या थेंबालाही शिवली नसती. तिला दिवस गेले होते."

सार्जंटचं हसू गळून पडलं. त्याने पहिल्यांदाच चादरीकडे बघितलं.

"मला सांगितलं नाही तिने," तो म्हणाला.

पेर्लाने हळूच तोंडावर हात ठेवला.

"तुम्हाला का सांगायचं होतं, सार्जंट?" सेल्साने विचारलं.

त्याला घेऊन आलेल्या, दारातल्या दोन पहारेकऱ्यांनी त्याचं ते वाक्य ऐकलं होतं. त्यांनीच त्याचे हात धरले, सेल्साला सांगावं लागलं नाही. रहस्य म्हणतात ते इथे संपायला हवं होतं. पण सेल्साला माहीत होतं की निम्मा निकाल अजून बुधल्याशेजारच्या खुर्चीत बसलेला आहे.

६

कर्नल खिडकीशी उभा होता. दुआर्तेला नेताना त्याने पाहिलं असावं.

"नालायक निघाला," तो म्हणाला. "बरं केलंस. कुंपणानेच शेत खाल्लं."

"कुंपण कुणी घातलं होतं?"

तो वळला. सेल्सा दाराशी उभी होती. या वेळी ती बसली नाही आणि तिने तेरेरेही ओतला नाही.

"तुम्ही तिला पेला दिला नाहीत."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. तुम्ही पेल्यावर तळवा ठेवलात आणि डोक्यावर हात ठेवलात. शाळेत एकालाच माहीत होतं की तिच्या पोटात मूल आहे. दुआर्तेला नव्हतं, नाहीतर त्याने बाटलीत सताप घातली नसती. पेर्लाने तिला दारातून परत पाठवलं. मैत्रिणींना वाटलं तुम्ही रागावलात. तुम्हाला ठाऊक होतं, कारण तिने तुम्हाला सांगितलं होतं. मूल कुणाचं, कसं, तेही सांगितलं असणार. आणि मला तुम्ही म्हणालात, माझ्याकडे कुणी आलं नाही."

कर्नल खुर्चीत बसला, एकदम म्हाताऱ्यासारखा.

"शनिवारी आली होती," तो म्हणाला. "इथेच उभी होती, तू उभी आहेस तिथे. मी तिला म्हटलं, पोरी, संचलन होऊ दे. महिन्याचा तर प्रश्न आहे. मग तुला बदलीवर पाठवतो, त्यालाही हलवतो, गाजावाजा न करता. तोवर कुणाला बोलू नकोस. माझं चुकलं काय त्यात? मी तिला हाकललं नाही. तिच्या पोटातल्या जिवाला जपलं मी, सेल्सा. भर ओळीत जपलं."

"जपलंत ना. पेल्यापासून जपलंत. आणि त्याच तुकडीत, त्याच माणसाच्या हाताखाली परत पाठवलंत."

"तो सगळ्यात चांगला प्रशिक्षक होता."

"हो. म्हणून कुणी विचारलं नाही कसा ते." सेल्साचा आवाज फाटला. तिला तो फाटायला नको होता. "तुम्ही तिला वाचवायला हात ठेवलात आणि सगळ्या शाळेला वाटलं, बापाने टाकली. मैत्रिणीने ताट उचललं. दुआर्तेला वाटलं, आता हिला कुणी वाली नाही. कारण या घरात बाप बोलत नाही, पोरं त्याच्या हाताकडे बघून ओळखतात. तुम्हीच तसं शिकवलंत. मलाही तुम्हीच शिकवलंत."

"तू हे लिहिलंस तर बायकांची तुकडी बंद होईल," तो हळू म्हणाला. "तुला हे कळतंय ना? जे टपून बसलेत ते म्हणतील, बघा, सांगत नव्हतो? तुझ्यामागून आलेल्या सगळ्या पोरी घरी जातील. तुझी सगळी वर्षं पाण्यात."

हे खरं होतं, किंवा खरं होण्याची भीती होती, आणि सेल्साने ते टाळलं नाही. तिने त्या माणसाकडे बघितलं. आपल्या बाकावर येऊन नुसता जेवत बसणारा तो लेफ्टनंट तिला दिसला. कुणाला रागावला नव्हता तो, तेव्हाही. पोरांना एक शब्द बोलला नव्हता. तिला तेव्हा तो चांगुलपणा वाटला होता. तो होताही. पण तुकडे फेकणारे दुसऱ्या दिवशी फेकतच होते.

"लिहिणार आहे," ती म्हणाली. "पण आधी फाटकावर चला. तिच्या आईला खरं ऐकायचंय. ते तुम्ही सांगा."

"मी?"

"तुम्हाला पापा म्हणतात ना?"

दोघं मैदान ओलांडून गेले. पोरी कवायतीला उभ्या होत्या, कुणीही मान वळवली नाही, पण बराकीच्या खिडक्यांची दारं त्या दुपारी उघडी होती. ती कुणी उघडली हे सेल्साने विचारलं नाही.

न्या एलिहिया दगडावरून उठली. कर्नलच्या खांद्यावरची पदचिन्हं तिने बघितली, मग चेहरा बघितला, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिच्या तोंडावर थोडं ऊन आल्यासारखं झालं.

"तुम्हीच पापा ना?"

कर्नलने टोपी काढून हातात घेतली.

"फोनवर तुमचंच सांगत होती. म्हणाली, आई, मला एक त्रास होता, तो मी पापांना सांगून टाकला. ते म्हणाले, ऑगस्ट सरू दे, मग मी सगळं नीट करतो. इतकी हलकी झाली होती हो पोर." बाईने गाठोड्याची गाठ सोडली. आत चिपा होते, चीज घातलेले छोटे पाव, घरच्या चुलीत भाजलेले, आता कडक झालेले. "मी म्हटलं, एवढं केलं त्यांनी, त्यांना काही पाठवू या. हे भाजत होते, तेव्हाच तुमच्या शाळेचा फोन आला. म्हटलं, न्यायचेच. तिचं कुणीतरी होतं ना इथे."

तिने गाठोडं दोन्ही हातांनी पुढे केलं. सेल्सा वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, कारण दुसरीकडे बघणं तिला शक्य नव्हतं.

कर्नलने हात पुढे केले नाहीत. टोपी त्याच्या बोटांत गोल गोल फिरत होती.

"न्या एलिहिया," तो म्हणाला, "ती दारू प्यायली नव्हती. तिला कोण छळतंय ते मला माहीत होतं. मी तिला त्याच्याकडेच परत पाठवलं."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. तिने गाठोडं हळूहळू छातीशी परत घेतलं, चिपा मोजून ठेवल्यासारखे नीट लावले, आणि कापडाची चारही टोकं उचलून पुन्हा घट्ट गाठ मारली.

"पेटी कुठाय?" तिने सेल्साला विचारलं. "झेंडा टाका तिच्यावर. आम्ही घरी जातो."